सिग्नल ० ने ‘हो’ म्हटलं म्हणजे प्रोसेस चालू आहे?
लिनक्सवर कोड लिहिणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: पीआयडीवर (प्रोसेसच्या क्रमांकावर) किल फंक्शनने सिग्नल ० (प्रोसेसला काही न करता फक्त ती आहे का ते तपासणारा) पाठवा, ० परत आला तर प्रोसेस चालू, -१ आला तर संपली. हे चूक आहे. -१ सोबत ईपर्म एरर असेल तर प्रोसेस आहेच, फक्त तुम्हाला परवानगी नाही. उलट संपलेली, पण पॅरेंटने (तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने) वेट न केलेली, म्हणजे जिचा निकाल अजून घेतलेला नाही अशी झोंबी प्रोसेसही ० देते.

सगळ्यात घातक म्हणजे पीआयडी पुन्हा वापरले जातात. जुन्या फाईलमध्ये लिहून ठेवलेला पीआयडी ४३१२ आज भलत्याच प्रोसेसचा असू शकतो, आणि तुम्ही तिलाच बंद कराल!

स्वतःची चाइल्ड (तुमच्याच प्रोग्रॅमने सुरू केलेली प्रोसेस) असेल तर वेटपीआयडी फंक्शनला डब्ल्यूनोहँग (‘न थांबता लगेच सांग’ हा पर्याय) देऊन विचारा. परकी असेल तर पीआयडीएफडी, म्हणजे त्या प्रोसेसचा फाईल डिस्क्रिप्टर (हँडल), उघडा (लिनक्स ५.३, २०१९ पासून). तो एकदा उघडला की त्याच प्रोसेसला धरून राहतो.