नादारीचा हुकूम, अपील आणि अडलेली तडजोड

सोलापूरला नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा नवा नाही. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 मध्ये आलेला शेतकरी मदत कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांना लागू होता. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं त्यानं थांबवलं आणि नादारीचं वेगळं प्रकरणही दिलं.

यंत्रमाग एकट्याच्या नावावर असेल, तर आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. त्यातली किमान कर्जाची रक्कम 500 रुपये आहे! तडजोडीला सगळ्या धनकोंचा, म्हणजे येणेकऱ्यांचा, होकार लागत नाही. कर्ज शाबीत करून हजर राहिलेल्यांत संख्येनं बहुमत आणि रकमेनं तीन-चतुर्थांश पुरतात. न्यायालयानं मंजुरी दिली की नाही म्हणणाराही बांधला जातो. ऋणकोची, म्हणजे कर्जदाराची, वागणूक खोटी ठरली, तर मात्र रुपयात किमान सहा आण्यांची हमी द्यावी लागते. सुताचे व्यापारी फसतात ते इथेच: उधारीची वही घरात ठेवून कर्ज शाबीत करायचं राहून जातं, आणि मत जातं.

जिल्हा न्यायालयाच्या नादारीच्या हुकमावर अपील हायकोर्टात, मुदत 90 दिवस. हुकूम खालच्या कोर्टाचा असेल तर जिल्हा न्यायालयात, 30 दिवसांत. ऑगस्ट 2025 पासून सोलापूरकरांचं हायकोर्ट म्हणजे कोल्हापूरचं सर्किट बेंच.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची वाट निराळी: 2016 ची दिवाळखोरी संहिता, मुंबईचं कंपनी न्यायाधिकरण, अपील दिल्लीतल्या अपील न्यायाधिकरणात. मार्च 2020 पासून थकबाकी किमान 1 कोटी हवी. सुरुवातीला धनकोचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की तडजोडीला वाटच नव्हती. 2017 मध्ये पक्षकारांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. 2018 मध्ये कलम 12अ आलं: धनको समितीच्या (यात सहसा बँकांसारखे कर्ज देणारेच असतात) 90 टक्के मतांनी अर्ज मागे घेता येतो. म्हणजे दहा टक्क्यांहून थोडा जास्त वाटा असलेली एक बँकसुद्धा सौदा अडवते. सूतवाल्याला समितीत सहसा मतच नसतं, मग त्याची थकबाकी कितीही असो.

म्हणून कंपनीचे संचालक धनको समिती बसण्याआधीच अपिलात स्थगिती मागतात आणि अर्जदाराशी मिटवतात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या टप्प्यावर अर्ज मागे घेऊ देण्याची न्यायाधिकरणाला मुभा दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये बायजू या शिक्षण कंपनीच्या प्रकरणात मात्र ठरलेली पद्धत टाळून परस्पर मिटवण्याला चाप लावला.

दिल्लीतल्या या अपिलाची मुदत 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 15. सोळावा दिवस नाही. दिवस हुकूम सुनावल्यापासून धरतात. प्रमाणित नकलेचा अर्ज मुदतीत न टाकता ‘नक्कल मिळाली नव्हती’ म्हणणाऱ्याचं अपील 2021 च्या निकालानंतर टिकत नाही.