बोलपट येण्याआधीची विल्मा बांकी

मूकपटांच्या इतिहासात हॉलिवूडचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्याच्या शेवटच्या दोन चित्रपटांतली नायिका विल्मा बांकी मात्र ओझरत्या उल्लेखापुरतीच उरली. माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे.

तिचं मूळ आडनाव कोंचिच, आणि गाव हंगेरीतलं नॉद्यदोरोग. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत आधी कम्युनिस्ट क्रांती झाली, मग ती चिरडणारी राजवट आली. दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा, पुढे मायकेल कर्टिझ म्हणून गाजलेला दुसरा एक दिग्दर्शक आणि अभिनेता बेला लुगोसी असे कितीतरी जण १९१९ च्या सुमारास देशाबाहेर पडले. तिथला चित्रपटधंदा पार खिळखिळा झाला. विल्मानेही ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या चित्रपटांत कामं केली. १९२५ मध्ये बुडापेस्टला आलेल्या हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन याने तिला हेरलं आणि अमेरिकेत नेलं.

‘द डार्क एंजल’ (१९२५) हा तिथला तिचा पहिला चित्रपट. नायक रोनाल्ड कोलमन, युद्धात दृष्टी गमावलेला कॅप्टन. या जोडीवर प्रेक्षक इतके खूश झाले की दोघांना पुढे आणखी चार चित्रपटांत एकत्र आणलं गेलं. पण ‘द डार्क एंजल’ आज पाहता येत नाही, त्याची एकही प्रत उरलेली नाही. याची हळहळ वाटते.

‘द सन ऑफ द शेख’ (१९२६) मात्र शाबूत आहे. त्यात ती यास्मिन नावाची नर्तकी आहे. चांदण्यात, पडक्या भिंतींच्या आडोशाला ती अहमदला, म्हणजे व्हॅलेंटिनोला, भेटते, तो प्रसंग जरूर बघा. ओढ आणि धास्ती दोन्ही एकाच वेळी तिच्या डोळ्यांत दिसतात. मधल्या संवादांच्या पाट्या वाचल्या नाहीत तरी चालतं. चित्रपट नुकताच झळकला होता, तोच २३ ऑगस्ट १९२६ रोजी वयाच्या ३१ व्या वर्षी व्हॅलेंटिनो गेला.

पुढच्या जूनमध्ये तिने अभिनेता रॉड ला रॉक याच्याशी लग्न केलं. त्या थाटामाटाची चर्चा हॉलिवूडमध्ये बरीच वर्षं चालली.

१९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट आला आणि सगळंच पालटलं. मूकपटात तिच्या उच्चारांशी कुणाला काय देणंघेणं होतं? आता तेच आडवे आले. ‘धिस इज हेवन’ (१९२९) या काही भागच बोलका असलेल्या चित्रपटात तिला मुद्दामच नवख्या हंगेरियन मुलीची भूमिका दिली, म्हणजे बोलण्याची ढब खपून जाईल. चित्रपट चालला नाही. ‘अ लेडी टू लव्ह’ (१९३०) नंतर हॉलिवूडमधलं तिचं काम थांबलं आणि १९३२ च्या एका जर्मन चित्रपटानंतर तिने पडदा कायमचा सोडला. ज्याने तिला आणलं तो गोल्डविन स्वतः वॉर्सात जन्मलेला, इंग्रजी तोडकंमोडकं बोलणारा. पण त्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

ला रॉकबरोबरचा संसार मात्र १९६९ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत टिकला. ती मार्च १९९१ मध्ये गेली. उतारवयात भेटायला फारसं कुणी येत नाही, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. आपल्या मृत्यूची बातमी देऊ नका, असं तिने वकिलाला बजावून ठेवलं होतं. वर्तमानपत्रांतून लोकांना ती कळली १९९२ मध्ये.