मुलाचा न थांबणारा खोकला: बालदमा की प्रायमरी कॉम्प्लेक्स?

मूल महिनाभर खोकतंय. खोकल्याच्या दोन-तीन बाटल्या संपल्या, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, आडुळसा आणि ज्येष्ठमध झालं, केळं आणि दही तर केव्हाच बंद झालं. या टप्प्यावर आपल्याकडच्या आईवडिलांच्या कानावर हमखास दोन नावं पडतात. एक डॉक्टर म्हणतात, "बालदम्याची लक्षणं आहेत, पंप (इनहेलर) सुरू करू." दुसरे एक्स-रे उजेडात धरून म्हणतात, "प्रायमरी कॉम्प्लेक्स वाटतोय, सहा महिने औषध द्यावं लागेल." दम्याचं नाव ऐकून घर हादरतं, आजी रडायला लागते. 'प्रायमरी' मात्र बिनबोभाट स्वीकारलं जातं, कारण ते नाव सौम्य वाटतं. पण प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणजे क्षयरोगच. त्याची औषधं म्हणजे टीबीचीच औषधं. नको तिथे ती सुरू झाली, किंवा हवी तिथे सुरू झाली नाहीत, तर दोन्ही वेळी भोगतं ते मूलच. म्हणून हे दोन आजार नीट शेजारी ठेवून पाहायला हवेत.

बालदम्यात जंतू नसतो. श्वासनलिकांचं आतलं अस्तर सुजलेलं आणि हळवं झालेलं असतं. सर्दीचा विषाणू, धूर, धूळ, थंड हवा यांपैकी काही आलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ सुटतो, वाट अरुंद होते. औषधाने, कधी आपोआपही, ती पुन्हा मोकळी होते. हे आवळणं आणि सुटणं हा दम्याचा स्वभाव आहे. काही मुलांच्या छातीतून सूं-सूं आवाज येतो, धाप लागते. काहींना नुसती कोरड्या खोकल्याची ढास लागते आणि घरच्यांच्या मनात दम्याचा विचारही येत नाही.

टीबीत जंतू असतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये ओळखलेला हा जंतू मोठ्या माणसाच्या खोकल्यातून हवेत येतो आणि मुलाच्या फुप्फुसात उतरतो. तिथे एक बारीकशी जखम होते, जवळच्या लसिकाग्रंथी सुजतात. ती जखम आणि त्या गाठी मिळून झाला प्रायमरी कॉम्प्लेक्स. बहुतेक मुलांचं शरीर या जंतूचा तिथेच बंदोबस्त करतं आणि मूल आजारी पडतच नाही. पाच वर्षांखालची, कुपोषित, किंवा नुकताच गोवर होऊन गेलेली मुलं यात कमी पडू शकतात. त्यांच्यात सुजलेली गाठ कधी कधी शेजारच्या श्वासनलिकेवर दाब देते आणि मग टीबीतही छातीतून सूं-सूं ऐकू येतं. गोंधळाचं एक मोठं मूळ इथे आहे. असा आवाज बहुधा एकाच बाजूला असतो, रोज तसाच असतो आणि नेब्युलायझर देऊनही फारसा हलत नाही.

नुसता खोकला ऐकून हा की तो हे सांगता येत नाही. ते समजतं तीन गोष्टींतून: खोकल्याच्या वेळा, मुलाचं वजन आणि घरातली माणसं. या तिन्हींची माहिती आईवडिलांकडे असते, डॉक्टरांकडे नसते. तपासणीच्या पाच-सात मिनिटांत मूल खोकेलच असं नाही.

आधी वेळा. दम्याचा खोकला रात्री, विशेषतः पहाटे वाढतो. धावलं, खदखदून हसलं, रडलं की ढास लागते. जूनमध्ये पावसाला सुरुवात झाली, भिंतींना ओल आली, दिवाळीत फटाके वाजले, शेजारी पाचट पेटवलं, घरात डासांची कॉइल किंवा धूप लावला, कपाटातली गोधडी झटकली, की दुसऱ्या दिवशी सुरू. मग आठ-पंधरा दिवस अगदी काही नाही. मूल हुंदडतं, जेवतं, आपण विसरून जातो, आणि पुढच्या सर्दीला पुन्हा तेच. आई, वडील, मावशी, काका यांच्यापैकी कुणाला दमा, सतत शिंका किंवा त्वचेची ॲलर्जी असणं, मुलाला लहानपणी इसब झालेला असणं, हेही दम्याच्या बाजूला वजन टाकतं. टीबीचा खोकला असा उघडझाप करत नाही. दोन आठवडे उलटून जातात तरी तो हटत नाही, उलट वाढत जातो. सोबत संध्याकाळची कणकण असते. मूल खेळता खेळता येऊन बसतं, पूर्वीसारखं बागडत नाही.

दुसरं वजन, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत दुर्लक्षित पुरावा आहे. आपल्याकडे "खाल्लेलं अंगाला लागत नाही" असं म्हणून विषय संपतो. राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमात मुलांमध्ये टीबीचा संशय घेण्यासाठी ज्या खुणा धरतात, त्यांत दोन आठवड्यांवरचा ताप किंवा खोकला, वजन घटणं किंवा न वाढणं, आणि गेल्या दोन वर्षांत टीबीच्या रुग्णाचा सहवास या प्रमुख आहेत. तीन महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घट ही गंभीर मानली जाते. म्हणजे १४ किलोच्या मुलाचं ७०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन गेलं तर. अंगणवाडीच्या किंवा लसीकरणाच्या कार्डावरचा वाढीचा आलेख यासाठीच असतो. दम्याचं मूल रात्रीच्या जागरणाने कोमेजतं, पण त्याचा आलेख सहसा वर चढत राहतो. उंची-वजन व्यवस्थित वाढतंय, ताप नाही, मधले दिवस पूर्ण बरे जातात आणि तरीही कुणी प्रायमरी म्हणालं, तर "कशावरून?" हे विचारायला अजिबात संकोचू नये.

तिसरी गोष्ट माणसं. मुलाला टीबी होतो तो बहुतेक वेळा मोठ्या माणसाकडून. लहान मुलाच्या आजारात जंतूंची संख्या फार कमी असते, त्यामुळे ते स्वतः इतरांना क्वचितच संसर्ग देतं. म्हणून मुलात टीबीची शंका आली की नजर मोठ्यांकडे वळवायची. आजोबांचा खोकला विडीमुळे आहे असं वर्षभर गृहीत धरलेलं असतं. मुलाला सांभाळणाऱ्या बाई, शिकवणीच्या सर, शाळेच्या व्हॅनचे काका, गावाहून येऊन दोन महिने राहिलेला भाऊ, यांच्यापैकी कुणी दोन आठवड्यांहून जास्त खोकतंय का, कुणाचं वजन उतरलंय का, हे विचारावं. लाजेपायी हे लपवलं जातं. घरात कुणी टीबीची औषधं घेऊन बरं झालेलं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायलाच हवं. त्या एका वाक्याने अर्ध्या तपासण्यांची दिशा बदलते.

आता तपासण्या. दंडावर नव्हे, पुढच्या हातावर टोचतात ती टीबीसाठीची मँटू चाचणी ४८ ते ७२ तासांनी बघायची असते. मोजायचा असतो तो हाताला लागणारा टणक उंचवटा, लाली नव्हे. तो १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. पण सकारात्मक म्हणजे टीबीचा जंतू कधीतरी शरीरात शिरला, एवढंच. आजार आहे असं त्यावरून ठरत नाही. उलट कुपोषित मुलात आजार असूनही ती नकारात्मक येऊ शकते. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, वाढणं हे तर कुठल्याही संसर्गात होतं. टीबीसाठी म्हणून रक्तातली आयजीजी, आयजीएम या प्रतिपिंडांची तपासणी केली जायची, तिच्यावर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली, कारण तिचे निकाल भरवशाचे नव्हते.

एक्स-रेबद्दल थोडं सावकाश बोलू, कारण 'प्रायमरी'चा शिक्का बहुतेक वेळा इथेच बसतो. दोन-तीन वर्षांचं मूल एक्स-रेच्या टेबलावर रडतं, वळवळतं. शरीर जरासं तिरकं झालं की फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या ठळक दिसतात आणि रिपोर्टमध्ये गाठी असल्याची शंका लिहिली जाते. साध्या न्यूमोनियाचा डागही मूल बरं झाल्यावर काही आठवडे फिल्मवर रेंगाळतो. म्हणून शंका असेल तर बाजूने काढलेली फिल्म, किंवा योग्य अँटिबायोटिकनंतर पुन्हा काढलेली फिल्म उपयोगी पडते. खरा पुरावा जंतू सापडण्याचा. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातला स्राव काढतात आणि त्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूची जनुकं शोधणारी चाचणी करतात. पाहवत नाही, पण काही मिनिटांचं काम आहे. जंतू सापडला तर रिफॅम्पिसिन हे औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही त्याच नमुन्यातून समजतं. नाही सापडला तरी टीबी नाहीच असं म्हणता येत नाही. मग बाकीच्या खुणा एकत्र मांडून ठरवावं लागतं.

दम्याला अशी एकच निर्णायक चाचणी नाही. साधारण पाच-सहा वर्षांनंतर मूल यंत्रात जोरात फुंकू शकतं, तेव्हा स्पायरोमेट्री होते: आधी एकदा, मग पंप देऊन पुन्हा. फुंक लक्षणीय सुधारली तर नळ्या आवळलेल्या होत्या हे सिद्ध होतं. त्याहून लहान मुलात इतिहास, तपासणी आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवरच भिस्त.

आणि प्रतिसादातच खरी फसगत आहे. "घेऊन तर बघू, बरं वाटलं तर तेच असेल" या हिशोबाने टीबीची औषधं सुरू केली जातात. पावसाळा सरतो, सर्दीची साथ ओसरते, दम्याचा खोकला आपला आपणच थांबतो, आणि श्रेय टीबीच्या गोळ्यांना जातं. पुढच्या पावसाळ्यात खोकला परतला की "प्रायमरी उलटली" म्हणून पुन्हा तोच कोर्स. उलट बाजूनेही असंच होतं. दमा समजून तोंडावाटे स्टिरॉइड दिलं तर टीबीची गाठ तात्पुरती आक्रसते, आवाज कमी होतो, सगळे निश्चिंत होतात आणि आजार आत पसरायला मोकळा. दम्यात पंपाचा प्रतिसाद पाहणं रास्त आहे, कारण त्याचा परिणाम दिवसांत ते काही आठवड्यांत दिसतो आणि थांबवूनही पाहता येतं. टीबीची औषधं अशी चाचपणीसाठी द्यायची नसतात. त्यांनी यकृताला त्रास होऊ शकतो आणि अर्धवट घेतली तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

हे दोन्ही आजार एकाच मुलात असू शकतात, आणि दोन्ही नसूही शकतात. चार आठवड्यांहून जास्त, रोज ओला, घरघरता खोकला आणि मूल बाकी ठणठणीत असेल तर श्वासनलिकांतला चिवट जिवाणूसंसर्ग असू शकतो. तो योग्य अँटिबायोटिक दोनेक आठवडे दिल्यावर जातो. शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला आहे, तर दाणा श्वासनलिकेत अडकलाय का हे तातडीने बघावं लागतं. दिवसभर खोकणारं मूल झोपल्यावर अजिबात खोकत नसेल तर ती सवयीची ढास असू शकते. बालवाडीत जायला लागलेल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं हे तर नेहमीचंच, आणि एकेका सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे पुरतो.

या शोधात असताना मेडिकलमधून स्वतःच्या मनाने खोकल्याची बाटली आणू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं आणि कितीतरी वाचली नाहीत. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं एकत्रित औषध देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलं आहे. मूल वर्षाच्या पुढचं असेल तर झोपताना चमचाभर मध द्या. त्याआधी मध मुळीच नको.

त्याऐवजी एक वही करा. तारीख, रात्री किती वाजता ढास लागली, ताप थर्मामीटरने किती, त्या दिवशी धूर, धूळ, पाहुणे, पाऊस काय होतं, आणि महिन्यातून एकदा एकाच काट्यावर वजन. पहाटेच्या ढासेचा फोनवर व्हिडिओ घ्या, आवाजासकट, छाती उघडी ठेवून. जुने एक्स-रे फेकू नका. नवी फिल्म जुनीशेजारी ठेवल्यावरच अर्थ लागतो. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडत असेल किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

दमा ठरला तर पंपाला घाबरू नका. सवय लागते हा समज खोटा आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, तर त्याच औषधाच्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. पंपातलं थेट छातीत जातं, सिरप सगळ्या अंगात फिरतं. रोजच्या स्टिरॉइडच्या पंपाने उंचीवर होणारा परिणाम पाहिला गेला आहे, तो साधारण एक सेंटीमीटरचा. न आवरलेल्या दम्यात रात्री जागवणं त्याहून कितीतरी महाग पडतं. पंपाला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, वापरावा, नंतर चूळ भरायला लावावी. महिना-दीड महिन्यात फरक नसेल तर आधी पंप घेण्याची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा, आणि ती बरोबर असेल तर निदानाचाच पुन्हा विचार व्हायला हवा.

टीबी ठरला तर उपचार खासगी दवाखान्यात असले तरी नोंद सरकारकडे होणं २०१२ पासून बंधनकारक आहे. 'प्रायमरी'ची औषधं लिहून दिली पण नोंदीचं नाव काढलं नाही, तर निदान किती पक्कं आहे हे विचारण्याचं ते चांगलं कारण आहे. सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात, टीबी रुग्णांच्या पोषणासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात आणि १८००-११-६६६६ या क्रमांकावर माहिती मिळते. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. आजार नसलेल्या पण सहवासात असलेल्या धाकट्या भावंडाला प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. आजारी मुलाच्या उपचारात साधारणपणे पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होईल, ती रिफॅम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. उपचार लागू पडले की मूल भराभर वजन घेतं, म्हणून दर भेटीला वजन करून डोस वाढवायचा का हे विचारून घ्या.