करडू परक्या गोठ्यात जाण्याआधी

चार शेळ्यांचा कळप लहानच म्हणायचा. पण प्रत्येकीने एका वितात दोन करडे दिली की गोठ्यातील डोकी चाराची बारा होतात. त्यांतील साधारण निम्मे नर निघतात आणि एवढ्या कळपाला एक बोकड पुरून उरतो. सगळ्या माद्या ठेवाव्यात, तर पुढच्या माजाला त्यांचा जन्मदाता बोकडच समोर असतो, आणि बाप-लेकीच्या संबंधातून जन्मणाऱ्या करडाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे रक्ताच्या नात्यातील संकराचे माप, २५ टक्के होतो. म्हणजे काही करडांना कळप सोडावाच लागतो. हा प्रश्न शेळीपालनाइतकाच जुना आहे. इराणच्या झाग्रोस पर्वतातील गंज दारेह येथे सापडलेली शेळ्यांची सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची हाडे पाहिली, तर नर कोवळ्या वयात मारलेले आणि माद्या मोठ्या होईपर्यंत राखलेल्या दिसतात. माणसाने शेळीचा कळप जाणीवपूर्वक सांभाळल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक मानला जातो.

ज्याला आपली करडे दुसऱ्या कळपात नांदायला द्यायची आहेत, त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती आठवड्यांचे झाल्यावर द्यावे?’ मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. करडू जाण्याजोगे झाले की नाही, हे वयापेक्षा त्याच्या पोटावरून ठरते, आणि त्या पोटाची घडण जन्मानंतरच्या पहिल्या तासापासून सुरू होते.

शेळीच्या वारेची रचना अशी असते, की सुमारे १५० दिवसांच्या गाभणकाळात आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचतच नाहीत. करडू जवळजवळ कोणत्याही संरक्षणाविना जन्माला येते आणि ते संरक्षण त्याला चिकातून मिळते. नवजात करडाच्या आतड्याचे अस्तर प्रतिपिंडांचे मोठे रेणू न पचवता जसेच्या तसे रक्तात जाऊ देते. मात्र ही वाट तासागणिक अरुंद होत जाते आणि साधारण २४ तासांत बंद होते. म्हणून पहिला चीक पहिल्या एक-दोन तासांत पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसभरात शरीराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे ३ किलोच्या करडाला ३०० मिलिलिटर, मिळाला पाहिजे. थंडीने गारठलेल्या, लुचण्याची शक्ती नसलेल्या करडाला मात्र घाईने पाजू नये. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या खाली गेलेले असेल, तर गिळण्याची क्रिया मंदावते आणि दूध फुप्फुसात उतरू शकते. आधी ऊब द्यावी, मग चीक.

चिकातून मिळालेली ही उसनी प्रतिकारशक्ती पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जाते आणि करडाची स्वतःची अजून पुरती उभी राहिलेली नसते. नेमक्या याच उतारावर, साधारण एक ते तीन महिन्यांच्या वयात, आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होणारी हगवण बळावते आणि दुर्दैवाने बहुतेक करडांची पाठवणीही याच काळात होते. परजीवी थोड्या प्रमाणात जवळजवळ प्रत्येक गोठ्यात असतो. दूध तुटणे, प्रवास आणि गर्दी यांचा ताण एकदम पडला, की तो वरचढ होतो.

आता पोटाविषयी. मोठ्या शेळीत पोटाच्या चार कप्प्यांपैकी कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पहिला कप्पा, सर्वांत मोठे असते, पण नवजात करडात ते एक लुळी, निकामी पिशवी असते आणि चौथे, म्हणजे खरे पोट, सर्वांत मोठे असते. करडू मान ताणून लुचू लागले, की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली एक पन्हळ मिटून तिची नळी बनते आणि दूध कोटीपोटाला वगळून थेट खऱ्या पोटात उतरते. बाटलीने पाजताना ती आईच्या सडाच्या उंचीवर धरावी, असे सांगतात त्याचे कारण हेच. दूध चुकून कोटीपोटात गेले, तर ते तेथे आंबते.

दूध कोटीपोटात जात नसल्यामुळे केवळ दुधावर ते पोट घडत नाही. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच करडू आईच्या तोंडाजवळचा चारा हुंगू लागते, काड्या चघळते, आणि आईच्या लाळेतून, चाटण्यातून व गोठ्यातल्या धुळीतून सूक्ष्मजीव त्याच्या पोटात वस्तीला येतात. हे सूक्ष्मजीव खुराकातील पिष्ट (स्टार्च) आंबवतात तेव्हा तयार होणारे आम्ल, विशेषतः ब्युटिरिक आम्ल, कोटीपोटाच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे वाढवते आणि त्या उंचवट्यांतूनच पुढे आयुष्यभर ऊर्जा शोषली जाते. चाऱ्याचे काम वेगळे आहे. तो पोटाचा आकार आणि स्नायू वाढवतो व रवंथ सुरू करतो. मातेपासून लवकर तोडून फक्त बाटलीवर वाढवलेले करडू गुबगुबीत दिसले, तरी त्याच्या पोटाची ही बांधणी मागे राहिलेली असू शकते.

म्हणून दूध तोडताना दिनदर्शिकेपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: वजन जन्मवजनाच्या किमान अडीच पट झाले आहे का, आणि करडू रोज नेमाने चारा व खुराक खाते आहे का. बहुतेक करडे ८ ते १२ आठवड्यांत येथवर पोहोचतात. दूध तोडल्याच्या दिवशीच करडू गाडीत चढवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. मधे निदान दोन आठवडे जावेत, म्हणजे एक ताण जिरल्यावर दुसरा येतो. शिवाय सोबत जुन्या चाऱ्या-खुराकाची आठवडाभराची शिदोरी द्यावी. कोटीपोटातील सूक्ष्मजीवांची वस्ती नेहमीच्या आहाराला सरावलेली असते. नव्या मालकाने कौतुकाने एकदम भरपूर धान्य घातले, तर लॅक्टिक आम्ल वेगाने साठते आणि करडू आडवे होते. आंत्रविषाराचा धोकाही तेव्हाच असतो: आतड्यात एरवी थोड्या संख्येने राहणारे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स जिवाणू न पचलेल्या पिष्टावर झपाट्याने वाढून विष सोडतात आणि कळपातले सर्वांत धष्टपुष्ट करडू काही तासांत दगावते. या रोगाच्या लसीच्या दोन मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. त्या दोन्ही पाठवणीपूर्वी पूर्ण व्हाव्यात.

नरांच्या बाबतीत आणखी एक मुदत पाळावी लागते. तीन-चार महिन्यांचा नर करडू माद्यांना गाभण करू शकतो, त्यामुळे तोवर त्याला वेगळा करावा, नाहीतर त्याच्याच वयाची अर्धवट वाढलेली पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरुण मादी, गाभण राहते. खच्ची केलेल्या नराला मूतखड्याचा धोका असतो. मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि धान्यातील जास्तीचा स्फुरद (फॉस्फरस) खडे बनवतो. आहारात कॅल्शियम व स्फुरद यांचे प्रमाण २:१ राखणे आणि भरपूर पाणी पाजणे, हे नव्या मालकाला आवर्जून सांगावे.

बिनशिंगी करडाविषयीही प्रामाणिकपणे बोलावे लागते. बिनशिंगीपणाला कारणीभूत असलेला डीएनएचा एक तुकडा गळण्याचा दोष २००१ मध्ये ओळखला गेला. तो आई आणि बाप दोघांकडून आलेली मादी नराकडे झुकणारी, वांझ अशी वाढते. दोन्ही पालक बिनशिंगी असतील, तर ‘पाट’ म्हणून देण्यापूर्वी तिचे जननांग नीट तपासून घ्यावे.

रोगांच्या बाबतीत आईची माहिती करडाच्या माहितीहून मोलाची असते. शेळ्यांच्या सांधेदाह व मेंदूदाहाचा विषाणू मुख्यतः चीक आणि दुधातून पिलात उतरतो. परंतु सहा महिन्यांखालील करडाच्या रक्तात आईचीच प्रतिपिंडे सापडत असल्यामुळे त्याची चाचणी फसवी ठरू शकते. म्हणून चाचणी आईची करावी. आई बाधित असेल, तर तिचा चीक ५६ अंशांवर तासभर तापवून पाजला, की विषाणू नष्ट होतो आणि प्रतिपिंडे बहुतांशी टिकतात. जंतांचेही तसेच. शेळीचे यकृत जंतनाशक औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला अपुरी पडते, आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेले औषधाला न जुमानणारे जंत करडाबरोबर नव्या कुरणात पोहोचतात. मात्रा पशुवैद्यकाला विचारून, लेंड्या तपासून द्यावी, आणि नव्या कळपानेही आलेल्या करडाला सुमारे ३० दिवस वेगळे ठेवावे.

वेगळे ठेवावे, पण एकटे नव्हे. शेळी कळपाचा प्राणी आहे. एकाच गटात वाढणाऱ्या करडांचे आवाज वयानुसार एकमेकांसारखे होत जातात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दूध तुटून कित्येक महिने लोटल्यावरही शेळ्या आपल्या करडांच्या ध्वनिमुद्रित हाकेला इतर करडांच्या हाकेपेक्षा अधिक प्रतिसाद देत होत्या. अशा प्राण्याला एकट्याने परक्या ठिकाणी ढकलू नये. करडे जोडीनेच द्यावीत, शक्यतो एकत्र वाढलेली. माणसांतच एकट्याने वाढलेला नर मोठेपणी माणसालाच कळपातला प्रतिस्पर्धी मानून टकरा देऊ लागतो, हेही एकटे करडू न देण्याचे कारण आहे.

नव्या गोठ्यातले पहिले दोन-तीन दिवस करडू बेंबें करते, खाणे कमी करते, दाराकडे तोंड करून उभे राहते. या दिवसांत लेंड्या घट्ट आहेत ना आणि ते पाणी पिते ना, एवढे पाहत राहावे. मग एखाद्या दुपारी ते जोडीदाराला टेकून बसते आणि त्याचा जबडा संथपणे रवंथ करू लागतो. त्या दिवसापासून त्याचा चारा हळूहळू बदलायला हरकत नाही.