तुळशीचा वास पानात नेमका कुठे राहतो?

तुळशीचं लग्न लागलं, ऊस-आवळे-बोरं वाटून झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षीचा निरोप येऊन पडला: ‘तुळशीचं पान चावू नका, त्यात पारा असतो, दात खराब होतात.’ संध्याकाळी शेजारची सून पानं हातात घेऊनच आली. इंदूरच्या रामबागेत आमची दारं समोरासमोर आहेत. म्हणाली, “काकू, तुम्ही इतकी वर्षं बॉटनी शिकवलीत, खरं काय ते सांगा. आमच्या धाकट्याला सर्दी झाली की मी रोज दोन पानं चावायला देते. बंद करू का?”

पारा हे मूलद्रव्य आहे. कोणतंही झाड मूलद्रव्य तयार करत नाही, ते फक्त माती, पाणी किंवा हवेतून उचलू शकतं. कुंडीतल्या मातीत आणि आसपासच्या हवेत पारा नसेल तर पानात येणार कुठून? आणि माती खरोखरच पाऱ्याने दूषित असेल, तर त्याच मातीतली मेथी आणि पालकही खाता येणार नाही. देवाचं पान म्हणून कुणी दात लावत नसेल तर तो त्याचा भाव, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या भावाला पाऱ्याचा खोटा आधार देण्याची गरज नाही.

“मग जीभ चुरचुरते ती कशाने?” तिने विचारलं. हा प्रश्न मला फार आवडला. मी तिला कपाटातलं दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं आणि पान उलटं करून उजेडात धरायला सांगितलं. पानाच्या खालच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत, बारीक चकचकीत ठिपके दिसतात. दव पडल्यासारखे, पण किंचित पिवळसर. या तेलाच्या ग्रंथी. एकेक ग्रंथी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान असते. तिच्या डोक्याशी चार पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. त्या तेल बनवतात आणि आपल्याच माथ्यावरच्या पातळ पापुद्र्याखाली साठवत जातात. तेल भरलं की पापुद्रा फुग्यासारखा वर उचलला जातो. तुळशीजवळून नुसतं गेलं तर वास बेताचाच येतो, पण पान चुरगाळलं की दरवळतो, कारण बोटांनी आपण हे हजारो फुगे फोडतो.

तेल पानाच्या आत न ठेवता असं बाहेर का साठवायचं? कारण ते जिवंत पेशींना सोसणारं नाही. त्यातला एक मुख्य घटक युजेनॉल. लवंगेच्या तेलात तो सत्तर टक्क्यांच्या वर असतो, आणि दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात ते याचंच. युजेनॉल पेशीच्या चरबीयुक्त आवरणात घुसतं, आवरण सैल होतं आणि आतले क्षार बाहेर झिरपू लागतात. जंतू मरतात ते असे. जिभेवर मात्र ते चेतातंतूंवरच्या उष्णता ओळखणाऱ्या दारांना चाळवतं. मिरचीही असंच एक दार उघडते. चुरचुर होते ती त्याची.

हे युजेनॉल बनतं कसं, तो तुळशीतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. सुरुवात होते फिनाइल ॲलनिन या अमिनो आम्लापासून. एक विकर (एन्झाइम) त्यातला नायट्रोजनचा भाग काढून टाकतं आणि सिनॅमिक आम्ल उरतं. मग पायरीपायरीने ऑक्सिजन आणि मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडले जाऊन कोनिफेरिल अल्कोहोल तयार होतं. इथे वाट फुटते. कोनिफेरिल अल्कोहोलचे रेणू एकमेकांना साखळीने जोडले गेले तर लिग्निन होतं, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ. त्याऐवजी त्याला ॲसिटेट जोडलं गेलं आणि दुसऱ्या एका विकराने ते पुन्हा तोडलं, तर युजेनॉल. ही शेवटची पायरी 2006 मध्ये उलगडली, तीही तुळशीच्या भावंडात, सब्जाच्या झाडात आणि पेटुनियाच्या फुलात. वारकऱ्याच्या गळ्यातले मणी तुळशीच्या जून खोडाचे, आणि बोटाला लागतो तो वास पानाचा. दोन्ही एकाच रसायनापासून फुटलेल्या वाटा आहेत. शिकवताना मी फळ्यावर ही फाटाफूट काढायचे, तेव्हा दर वर्षी माझ्याच अंगावर काटा यायचा.

याच्या पुढेही एक पायरी आहे. युजेनॉलला आणखी एक मिथिल गट लागला की मिथिल युजेनॉल होतं. फळमाशीचे नर त्यावर झेपावतात, म्हणून आंबा-पेरूच्या बागांत लावतात त्या सापळ्यांत तेच घालतात. काही तुळशींत युजेनॉल जास्त, काहींत मिथिल युजेनॉल. काळी म्हणजे कृष्ण तुळस आणि हिरवी म्हणजे राम तुळस हा फरक मुख्यतः अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे. नुसत्या रंगावरून तेल कोणतं हे ठरत नाही.

आता औषधाकडे येते. चरकसंहितेत तुळस ‘सुरस’ या नावाने येते. उचकी, खोकला, श्वास, बरगडीतलं दुखणं यांवर उपयोगी, कफ-वात कमी करणारी, दुर्गंध घालवणारी आणि पित्त वाढवणारी, असं तिचं वर्णन आहे. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं. गुण सांगताना त्याच दमात दोषही सांगितला आहे. आज ‘तुळशीयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर प्रतिकारशक्ती वाढेल असं मोठ्या अक्षरांत असतं, पण आम्लपित्त असणाऱ्याने जपून घ्या एवढं कुणी छापत नाही.

माणसांवरचे अभ्यास झाले आहेत, पण थोडे. 2017 मधल्या एका आढाव्यात जगभरातले मिळून 24 सापडले, बहुतेक लहान आणि थोड्या दिवसांचे. 1996 मधल्या एका चाचणीत 40 मधुमेही होते. तुळशीच्या पानांनी त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी 17.6 टक्क्यांनी उतरली. म्हणूनच साखरेची गोळी चालू असेल, तसंच रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर रोजचा भरपूर काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. तुळस रात्रंदिवस ऑक्सिजन सोडते, हेही त्याच ग्रुपवर येतं. उजेड नसताना प्रकाशसंश्लेषण होत नाही, त्यामुळे रात्री ती आपल्यासारखीच श्वास घेते.

2020 च्या करोनाकाळात आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या क्वाथात, म्हणजे काढ्यात, तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग, काळी मिरी एक भाग असं प्रमाण होतं. तेव्हापासून आमच्या गल्लीत हिवाळ्यात घरोघरी पातेलं चढतं. झाकण नाही, अर्धा तास खळखळ उकळतं, आणि जिन्यापर्यंत घमघमाट. तो घमघमाट म्हणजेच निघून गेलेलं औषध. युजेनॉल एकटं 254 अंशांना उकळतं, पण पाण्याच्या वाफेबरोबर ते 100 च्या आतच उडून जातं. अत्तरवाले ऊर्ध्वपातनाने सुगंधी तेल काढतात ते याच न्यायाने, फक्त ते वाफ थंड करून धरून ठेवतात.

आयुर्वेदात क्वाथ ही एकच कृती नाही. सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवणं मुळं, साली, सुंठीसारख्या कठीण द्रव्यांना शोभतं. कोवळ्या, वासाच्या पानांसाठी दुसऱ्या वाटा आहेत: पानं ठेचून काढलेला स्वरस, किंवा कुटलेली वस्तू गरम पाण्यात टाकून गाळून घेतलेला फांट. उकळून सगळं वाया जातं असंही नाही. तुळशीतलं रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात उतरतं आणि उडून जात नाही. तिच्यातलंच उर्सोलिक आम्ल मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते चोथ्यातच राहतं. तो भाग पान चावून खाल्लं तरच पोटात जातो.

शेजारच्या सुनेला मी एवढंच सांगितलं की धाकट्याची दोन पानं चालू ठेव. काढ्यासाठी सुंठ, मिरी, दालचिनी आधी उकळून घे, गॅस बंद कर, मग ताजी पानं हाताने चुरून टाक आणि लगेच ताटली झाक. दहा मिनिटांनी ताटली उचलली की तिच्या आतल्या बाजूला थेंब धरलेले दिसतील. ते ओट्यावर सांडू न देता पातेल्यातच झटक.