क्रिस्टीन ग्रँट आणि पुढची फळी

15 ऑक्टोबर 2023 रोजी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने आपल्या फुटबॉल स्टेडियममध्ये महिला बास्केटबॉलचा एक सराव सामना ठेवला आणि तो पाहायला 55,646 लोक आले. कौतुक आयोवाची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क हिचं झालं, ते रास्तच होतं. पण आयोवात मुलींच्या खेळाला गर्दी जमू लागली ती तिच्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यामागे डॉ. क्रिस्टीन ग्रँट यांची सत्तावीस वर्षांची मेहनत आहे.

ग्रँट स्कॉटलंडच्या. 1936 साली बोनेस गावी जन्म, पेशा शारीरिक शिक्षणाचा, जीव फील्ड हॉकीवर. 1961 मध्ये त्या कॅनडाला गेल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस पुढच्या शिक्षणासाठी आयोवात आल्या. 1973 मध्ये विद्यापीठाने महिला खेळांचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा त्याच्या पहिल्या संचालक त्याच झाल्या.

आपल्याकडच्या कॉलेजच्या जिमखान्यावरून या पदाची कल्पना येणार नाही. तिकडे विद्यापीठांची स्वतःची अवाढव्य स्टेडियम असतात, तिकीटविक्री आणि टीव्हीचे करार असतात, खेळाडूंना शिष्यवृत्त्या मिळतात. त्या काळी यातलं जवळजवळ सगळं पुरुषांच्या वाट्याला होतं. 1972 चा ‘टायटल नाइन’ कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद बेकायदा ठरला. त्यात खेळांचा उल्लेखही नव्हता, तरी कमाई करणारे खेळ त्यातून वगळावेत म्हणून 1974 मध्येच सिनेटमध्ये खटपट झाली. ग्रँट यांनी या कायद्यासाठी वॉशिंग्टनच्या खेपा घातल्या, संसदीय समित्यांपुढे साक्षी दिल्या. महिला महाविद्यालयीन खेळांची ‘एआयएडब्ल्यू’ ही देशव्यापी संघटना स्त्रियाच चालवत. 1980-81 मध्ये ग्रँट तिच्या अध्यक्ष होत्या. पुढच्याच हंगामात, तोवर पुरुषांचे महाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या बलाढ्य ‘एनसीएए’ या संघटनेने मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या आणि एआयएडब्ल्यू बंद पडली. कोर्टातही तिचा निभाव लागला नाही.

क्रीडा प्रशासनात स्त्रियांची पुढची फळी घडवायचा ग्रँट यांचा आग्रह होता. माझ्या मते त्याचं मूळ या पराभवात आहे. कायद्याने मुलींना मैदान मिळालं, पण कॉलेजांनी महिलांचे विभाग पुरुषांच्या विभागात विलीन केले आणि वरची खुर्ची बहुतेक ठिकाणी पुरुषाला गेली. अकोस्टा आणि कार्पेंटर या संशोधकांनी वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद हेच सांगते. 1972 मध्ये महिला खेळांचे नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्रम स्त्रियांच्या हाती होते. काही वर्षांतच हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास घसरलं. शिकाऊ मुलीने वर पाहावं तर तिथे कुणी बाईच नव्हती. अशा वेळी हाताखालच्या मुलींना प्रशासनासाठी तयार करणं हे संचालकाचं कामच ठरतं, आणि ग्रँट यांनी ते तसंच केलं. आयोवाचा विभाग 2000 पर्यंत स्वतंत्र राहिला. ग्रँट तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्रीडा प्रशासन शिकवत, आणि निवृत्तीनंतरही काही वर्षं शिकवत राहिल्या. 1986 मध्ये आयोवाला फील्ड हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक ज्युडिथ डेव्हिडसन पुढे दुसऱ्या विद्यापीठात क्रीडा संचालक झाल्या.

माणसं हेरण्यातही ग्रँट यांची नजर पक्की होती. 1983 मध्ये त्यांनी चेनी स्टेट या छोट्या कॉलेजातून व्हिव्हियन स्ट्रिंगर या बास्केटबॉलच्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाला आणलं. हा निर्णय त्या काळात सोपा नव्हता. दोन वर्षांनी, 3 फेब्रुवारी 1985 रोजी, ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला 22,157 प्रेक्षक आले. सभागृहाची क्षमता होती पंधरा-सोळा हजारांची! लोक जिन्यांत, पायऱ्यांवर, मिळेल त्या कोपऱ्यात बसले. अग्निसुरक्षा अधिकाऱ्याने रीतसर समज दिली आणि ते पत्र ग्रँट यांनी अभिमानाने जपलं. आठ वर्षांनी स्ट्रिंगर यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोहोचला.

2000 मध्ये ग्रँट निवृत्त झाल्या आणि आयोवानेही दोन्ही विभाग एक केले, म्हणजे त्यांचं पदच संपलं. त्याच वर्षी लिसा ब्लूडर बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या. 31 डिसेंबर 2021 रोजी ग्रँट यांचं निधन झालं. 2023 आणि 2024 असे लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेचे अंतिम सामने ब्लूडर यांच्या संघाने खेळले ते ग्रँट यांना पाहता आले नाहीत. मे 2024 मध्ये ब्लूडर निवृत्त झाल्यावर संघाची सूत्रं जॅन जेन्सन यांच्याकडे आली. ब्लूडर आधी ड्रेक विद्यापीठात होत्या, तेव्हापासून जेन्सन त्यांच्या सहायक होत्या.