एकाच रॉकेटचे दोन प्रवासी: जीसॅट-एन२ आणि स्टारलिंक

नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताचा ४,७०० किलो वजनाचा जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह फ्लोरिडातील केप कॅनव्हेरल येथून स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटवरून अवकाशात गेला. स्पेसएक्सच्याच स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रहही याच रॉकेटवरून जातात आणि दोन्हींचे काम इंटरनेट पुरवण्याचेच, त्यामुळे ‘आता सॅटेलाइटचे इंटरनेट येणार’ या चर्चेत दोन्ही एकाच माळेत ओवले जातात. गोव्यातील सत्तरी, सांगे या तालुक्यांत, जिथे २०२० च्या टाळेबंदीत मुलांना ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढावे लागले, तिथे ही गल्लत अधिक महागात पडू शकते.

मूळ फरक उंचीचा आहे. जीसॅट-एन२ विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असून पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी त्याची गती जुळलेली असल्याने जमिनीवरून तो एकाच जागी दिसतो, म्हणून त्याला भूस्थिर म्हणतात. टीव्हीची डिश वर्षानुवर्षे एकाच दिशेला रोखलेली चालते, तीही याच कारणाने. गोवा विषुववृत्ताच्या साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे भारतासाठीचे असे उपग्रह येथून दक्षिणेच्या बाजूला बरेच उंचावर येतात आणि आकाशाचा तेवढा एक तुकडा मोकळा असला की भागते. स्टारलिंकचे उपग्रह मात्र सुमारे ५५० किलोमीटरवरून दीड तासाच्या आसपास एक प्रदक्षिणा पुरी करतात. त्यांतला कोणताही एक आपल्या माथ्यावर काही मिनिटेच असतो, म्हणून अँटेना जागची न हलता इलेक्ट्रॉनिक रीतीने आपला रोख एकावरून दुसऱ्यावर वळवत राहते आणि त्यासाठी तिला आकाशाचा मोठा भाग उघडा लागतो. माड-पोफळींच्या कुळागरात अंगणात ठेवलेल्या अँटेनाचे इंटरनेट, उपग्रह झावळ्यांआड गेला की अडखळणारच. तिला झाडांच्या वर चढवण्यावाचून गत्यंतर नाही. दाट झाडीतल्या घरासाठी भूस्थिर उपग्रहाची ही बाजू मला दुर्लक्षिण्यासारखी वाटत नाही.

मात्र त्या उंचीची किंमत वेळेत मोजावी लागते. विनंती वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसेच येणार, म्हणजे सुमारे १,४३,००० किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ पाहताना हे खटकत नाही, समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलवर मात्र दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. स्टारलिंकमध्ये हा विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर येतो.

आता रॉकेट. ‘रॉकेट परत येते’ हे अर्धेच खरे आहे: नऊ इंजिनांचा पहिला टप्पा साधारण अडीच मिनिटांनी सुटा होतो आणि उड्डाणानंतर आठ-नऊ मिनिटांत बहुधा समुद्रातल्या जहाजावर उभा उतरतो व पुन्हा वापरता येतो, पण एका इंजिनाचा दुसरा टप्पा दर वेळी नवाच लागतो. जीसॅट-एन२ ला या रॉकेटने लंबवर्तुळाकार हस्तांतरण कक्षेत सोडले आणि तेथून पुढची चढण त्याने कर्नाटकातील हासनच्या इस्रोच्या नियंत्रण केंद्राच्या आज्ञांनुसार स्वतःच्या इंजिनाच्या बळावर पार केली. इस्रोचे आपले एलव्हीएम३ रॉकेट तेव्हा त्या कक्षेत सुमारे चार हजार किलोच नेऊ शकत होते, म्हणून परदेशी रॉकेट घ्यावे लागले. उपग्रहाचे नियोजित आयुष्य १४ वर्षांचे आहे, त्यामुळे रॉकेटचा प्रश्न त्याच्यापुरता एकदाच आला आणि मिटला. पुनर्वापराने त्याचे भाडे कमी झाले असेल, पण पुनर्वापर नसता तरी असा उपग्रह दुसऱ्या रॉकेटवरून गेलाच असता.

स्टारलिंकचे गणितच निराळे आहे. तेथे हजारो उपग्रह लागतात, प्रत्येकाचे आयुष्य पाचेक वर्षांचे, आणि ५५० किलोमीटरवरही विरळ हवेचा अडथळा त्यांना हळूहळू खाली ओढतो. मे २०१९ मध्ये पहिली ६० उपग्रहांची तुकडी गेली, तेव्हापासून भर घालणे आणि जुने बदलणे अखंड चालू आहे. दर उड्डाणाला पहिला टप्पा फेकून द्यावा लागला असता तर हे जाळे विणणे परवडलेच नसते. एकदाच वापरायच्या रॉकेटने असे काम होतच नाही, असे नव्हे: एलव्हीएम३ ने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये वनवेब या दुसऱ्या उपग्रह-इंटरनेट जाळ्याचे ७२ उपग्रह वर नेले. पण वनवेब १,२०० किलोमीटरवर असल्याने त्याचे काम सहाशेच्या आसपास उपग्रहांत भागते.

गोव्याच्या पावसाळ्यात मात्र या दोन्ही सेवांची कसोटी लागेल. जीसॅट-एन२ केए बँडवर, म्हणजे फार उच्च वारंवारतेच्या रेडिओलहरींवर चालतो आणि जोरदार सरींत हे संदेश क्षीण होतात. स्टारलिंकची घरची अँटेना प्रामुख्याने त्याहून कमी वारंवारतेच्या केयू बँडवर चालते, त्यामुळे तिला हा त्रास थोडा कमी, पण होतोच.